कुलपामागची आजी

आमची, म्हणजे माझी बायको, गेली त्याला आता वर्ष होईल. पाहुणे सांगतात, बोलत जा, मन मोकळं करा. कुणाशी बोलू? जिच्याशी बोलायचं तीच गेली.

हे जे सांगतोय ते काम खरं तर तिचं. आमच्या भागात एक संस्था आहे. लेकरू जरा मोठं झाल्यावर ज्या बाया परत कंपनीत कामाला जातात, त्यांच्या लेकराच्या पाळणाघराची निम्मी फी ही संस्था भरते. अर्ज ढीगभर, जागा मूठभर. म्हणून घरी जाऊन बघून येणारं माणूस लागतं. नियम एकच कडक आहे. घरात पोर सांभाळील असं धडधाकट म्हातारं माणूस असेल तर मदत मिळत नाही. आजी असताना पाळणाघर कशाला, असा सरळ हिशेब.

आमची काळेवाडीत आमच्याच पुढच्या खोलीत पाळणाघर चालवायची. संस्थेनं तिलाच हे बघायचं काम दिलं. मी कंपनीतनं रिटायर झालेला, प्रेसशॉपला मशीनवर पत्रा ठोकण्यात जन्म गेलेला, सातवी नापास. माझं काम तिला स्कूटरवर न्यायचं. ती आत जायची, मी बाहेर गाडीपाशी तंबाखू मळत उभा. परतताना ती मागे बसून सगळं सांगायची. म्हणायची, "अहो, लोक कपाट दाखवतात, टीव्ही दाखवतात. मी गुडघ्याच्या खालचं घर बघते. तिथं खोटं चालत नाही."

गुडघ्याच्या खालचं घर म्हणजे जिथं रांगतं पोर पोचतं तेवढं घर. तिथं काय ठेवलंय, काय उचललंय, त्यावरनं तिला कळायचं की दिवसभर पोरामागं कोण असतं.

ती गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि संस्थेतल्या बाई एक दिवस घरी आल्या. रिटायर शिक्षिका आहेत. म्हणाल्या, "दादा, त्यांचं काम तुम्ही करा."

मी म्हणालो, "मला लिहिता येत नाही धड."

"लिहायचं मी बघते. तुम्ही बघून या आणि सांगा. खोटं सांगणार नाही एवढं माहीत आहे मला."

तर मी लागलो. आधी बाहेर उभा राहणारा माणूस आता आत जायला लागला. पहिले काही दिवस दारातच घुटमळायचो. वाटायचं, ती आत गेलीय, येईल आता.

ह्या उन्हाळ्यात बाईंनी मला चाकणच्या बाजूचं एक घर सांगितलं. वायर जोडायच्या कंपनीत कामाला लागलेली एक पोरगी. लेकरासाठी मधे काम सोडलं होतं, आता ठेकेदारानं परत बोलावलं होतं. तिनं अर्जात सांगितलं होतं, घरात कोणी नाही. संस्थेतनं चौकशीचा फोन गेला तो तिच्या नवऱ्यानं उचलला. तो म्हणाला, आई असते की घरी.

बाई म्हणाल्या, "दोघातलं एक खोटं बोलतंय. दादा, जागा एकच उरलीय आणि तिच्यामागं तीन बाया थांबल्यात. ठेकेदार म्हणतो, लेकराची सोय लावून महिनाअखेरपर्यंत पक्की हो, नाहीतर दुसरी बाई घेतो. बघून या."

तळवड्यावरनं गेलो. कंटेनरच्या मागं कंटेनर, त्यात माझी स्कूटर. कंपन्यांच्या मागच्या अंगाला जमीनमालकांनी खोल्यांच्या लाइनी काढल्यात. विटांच्या भिंती, वर पत्रा, एकाला एक चिकटून दारं. आज परभणीचा, उद्या चंद्रपूरचा, परवा बिहारचा. कोण कधी आला आणि कधी गेला ते मालकालाच माहीत.

दुपारी दोननंतरची वेळ अशा लाइनीत मेलेली असते. पहिली शिफ्ट अजून आलेली नाही, दुसरी शिफ्ट गेलेली, रात्रपाळीवाले आत झोपलेले. भर उन्हात सगळं लख्ख दिसतं आणि माणूस एक नाही. दोरीवर कंपनीचे निळे शर्ट वाळत होते. वारा नव्हता. सगळे हात खाली सोडून लटकलेले. पत्रे तापून मधूनच कट् करून वाजायचे.

सांगितलेल्या दारावर थाप मारली.

आतनं म्हातारीचा आवाज आला. "कोण हाय?"

चला, म्हटलं, नवरा खरा बोलला. "संस्थेतनं आलोय, आजी."

"थांब, आले."

आत पाय घासत चालल्यासारखं वाजलं. मी थांबलो. दार उघडेना. सहज नजर खाली गेली, तर कडीला बाहेरनं कुलूप. चांगलं दणकट.

"आजी, बाहेरनं कुलूप हाय."

आत ती खोकली. बारीक, कोरडा खोकला. मग म्हणाली, "बस जरा. उन्हातनं आलास."

मी बसलो. खरंच बसलो. बाईमाणसानं बस म्हटलं की बसायची जन्माची सवय. पायरीवर टेकलो, पाठ दाराला लावली. आतनं पुन्हा आवाज, अगदी माझ्या पाठीमागं असावा तसा. "जेवलास का? तुझी माय कशी हाय रे आता?"

माझी माय जाऊन जमाना झाला. एवढ्या उन्हात माझ्या हातावरचे केस उभे राहिले. तेवढ्यात आतनं मऊ सूर, "निज गं माझे माय, निज." आणि त्याला एका लहान पोरीचं उत्तर, "निजते."

शेजारचं दार उघडलं. एक बाप्या बाहेर आला, तोंडात ब्रश, डोळे सुजलेले. रात्रपाळीचा गडी. मला बघून म्हणाला, "आजीकडे आले काय जी?"

"तुम्ही ओळखता आजीला?"

"म्हणजे काय! भिंत एक आहे ना आमची. रोज दुपारी बोलत राहते. पहिले मला लय राग ये, झोपू देत नव्हती. आता तिचा आवाज नाही आला तर झोप नाही लागत. ती विचारते जेवला काय, मी इकडून सांगतो, हो आजी, जेवलो."

"दिसायला कशी आहे?"

त्यानं ब्रश थांबवला. "पाहिली नाही ना जी. मी उठतो तवा ड्युटीची घाई राहते."

पलीकडच्या खोलीतनं एक बाई बाहेर आली, कडेवर धुण्याची बादली. साताऱ्याकडची वाटली. "म्हातारीचं इचारताय व्हय? लई रागीट हाय बया. परवा बंद खिडकीच्या बाहेर वाटीभर आमटी ठेवली, म्हटलं आजी, गरम हाय तवर घ्या. तर मला म्हणती, 'हड्, निघ हितनं! समदं घाण करून ठिवलंस!' मला! मी काय घाण केली हो तिच्या घरात?"

रात्रपाळीवाला हसला. "आमटीच तशी असंल."

"तू गप रं. तुझं जेवण ती इचारती म्हणून चढलाईस."

मी विचारलं, "तुम्ही तरी बघितलंय का तिला?"

बाईनं जरा विचार केला. "न्हाई बाई. आमी येऊन दोन महिने झालं न्हाईत. कुलूप लावत्यात. डोकं फिरलं असंल म्हातारीचं, उठून जात असंल कुठं, म्हणून."

सगळ्या लाइनीला आजी माहीत. कुणी पाहिलेली नाही. शिफ्टमधी राहणारी माणसं एकमेकांना भिंतीतनंच ओळखतात, त्यामुळं त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला मात्र वाटायला लागलं की म्हाताऱ्या माणसाला हे लोक कोंडून ठेवतात आणि वर लेकरू तिच्या गळ्यात टाकतात. राग आला. दोघंही आपापल्या कामाला गेले आणि मी तिथंच बसून राहिलो. येऊ दे म्हटलं त्या पोरीला.

पुष्कळ वेळ गेला. म्हातारी आत बोलतच होती. कुणाला तरी हाकलत होती, भांडी हलवत होती, देवाचं की कुणाचं नाव घेत होती. डोळा लागायला आला होता माझा. आणि आतनं आवाज आला, "कोण हाय?"

मी दचकलो. मी थाप मारली नव्हती. दुसरं कोणी आलं नव्हतं.

"थांब, आले."

तेच पाय घासणं. तोच बारीक खोकला. "बस जरा. उन्हातनं आलास."

मी आयुष्यभर प्रेसवर उभा राहिलो. माणसाचा घाव दरवेळी जरा वेगळा पडतो. मशीनचा ठोका तसाच्या तसा पडतो. तो कानाला नाही, टाचेला कळतो. मला तिथं पायरीवर बसल्या बसल्या टाचेत कळलं की आत बाई बोलत नाही. पण कळलं म्हणून भीती गेली नाही, उलट वाढली. कारण आत पोरगी होती. ती तिला उत्तरं देत होती. एका ठिकाणी तर म्हातारीच्या आधीच ती म्हणाली, "तुझी माय कशी हाय रे आता?" आणि तिच्यामागनं म्हातारी तेच बोलली.

मी उठलो आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. तिथनं दार दिसत होतं, आवाज येत नव्हता.

कंपनीची बस मोठ्या रस्त्याला थांबते. तिथनं एक पोरगी पळतच आली. गळ्यात आयकार्ड, खांद्याला डबा. मला बघितलं आणि पळायची थांबली. "काका, संस्थेचे का?"

"हो. उघड आधी."

तिनं चावी लावली.

दार उघडलं. एकच खोली. आमचीच्या सवयीनं मी खाली बघितलं. गुडघ्याच्या खाली काहीच नव्हतं. गादी एक, तिच्याभोवती उशा रचलेल्या. पायात येणारी वस्तू नाही, चप्पल नाही, काडेपेटी नाही, प्लगच्या भोकांना चिकटपट्टी. शेगडी वर, बादली मोरीबाहेर नाहीच, मोरीच्या तोंडाला पाट बांधलेला. म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी खाली असतंच, पानाची पिशवी, अंगावरचं धडुतं, औषधाची बाटली. काही नाही. वर खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली आणि त्या पिशवीतनं म्हातारी बोलत होती.

पोरगी दोन-अडीच वर्षांची असेल. गादीवर एक गुडघा उभा करून, त्यावर कोपर टेकून बसली होती. तशी पोरं बसत नाहीत. आईकडं बघून म्हणाली, "आलीस का माय? दमलीस गं." मग माझ्याकडं बघितलं. "बस जरा. उन्हातनं आलास."

मी उभाच राहिलो. ह्या वेळी बसवेना.

तिच्या आईनं हात वर करून पिशवीतला फोन बंद केला. खोली एकदम रिकामी झाली. पोरगी पिशवीकडं बघून हळूच म्हणाली, "आजी निजली."

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"सासूबाई. गेल्या त्या, दिवाळीच्या आधी." तिची आई उभ्यानंच बोलत होती, डबा अजून खांद्यावर. "आधी त्याच सांभाळायच्या हिला. मधी सोयाबीन काढायला गावाकडं गेल्या तर ही निजंना. म्हणून आम्ही म्हटलं, फोनमधी बोलून पाठवा. पुतण्यानं फोन चालू करून दिला त्यांच्याजवळ आणि तो गेला निघून. त्यांना बंद करता येईना. दुपारभर तसाच चालू, कमरेला खोचलेला, म्हणून दुसऱ्या कुणाचं ऐकू येत न्हाई. हिला निजवल्यासारखं बोलल्या, मग कोण आलं गेलं, कोंबड्या हाकलल्या, सगळं आलंय त्याच्यात. मग आठ दिवसांत त्या तिकडंच गेल्या."

साताऱ्याच्या बाईची आमटी आठवली. कोंबड्यांचं बोलणं तिनं अंगाला लावून घेतलं होतं. हसू यायला पाहिजे होतं.

"आणि लेकरू? एकटं?"

"हे दोनला जातात. मी येईपर्यंत मधलं तेवढंच. हे निजवून जातात. जाग आली तर रडू नये म्हणून..." ती थांबली. मग एकदम भडाभडा बोलली. "काका, मला माहीत हाय हे चांगलं न्हाई. बसमधी मी रोज मरते. म्हणूनच अर्ज केला न् मी. पण तुम्ही आता काय सांगणार? घरात कोणी न्हाई म्हणालात तर ते विचारतील, मग लेकरू कुणाजवळ होतं? कोंडून जाते म्हणून काढून टाकतील. आणि आजी हाय म्हणालात तर मदत न्हाई. दोन्हीकडून माझं मरणच."

"नवऱ्यानं का सांगितलं आई आहे म्हणून?"

"त्यांना विचारा." तिनं तोंड फिरवलं. "मला न्हाई सांगता येत ते."

पोरीच्या कपाळाला कानशिलापाशी एक जुनं निळं टेंगूळ होतं. मी त्याच्याकडं बघितलं. तिच्या आईनं बघितलं की मी बघितलं.

त्या दिवशी मी घरी सरळ गेलो नाही. पंपावर उगाच उभा राहिलो. मला एकच लागलं होतं, आमचीचा आवाज आपल्याकडं आहे का. भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओत ती आहे. घरी जाऊन आमच्या पोराकडनं फोनवर मागवला. तिच्या वाट्याला दोन शब्द आलेत. फोटोवाल्याला म्हणते, "सरका तिकडं." एवढंच. मी ते लावलं. परत लावलं. तिसऱ्यांदा लावायला बोट गेलं आणि मी फोन पालथा घालून ठेवला. का ते सांगतो. दुसऱ्यांदा ऐकताना मी खरोखर सरकून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा असताना गेलो. रोडका, दाढी वाढलेला, कुठल्याशा वेल्डिंगच्या वर्कशॉपला होता. चहा ठेवला त्यानं. पोरगी त्याच्या पायाला धरून उभी.

"का रे बाबा, आई घरी असते म्हणालास?"

"हाय की." सरळ माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला.

"गेलीय ती."

"गावाला गेली. मी मातीला पोचलो तवर सगळं आटपलं होतं. ट्रॅफिकमधी अडकली आमची गाडी, तोंड बघितलं न्हाई मी. मी काय बघितलं? काहीच न्हाई. हितं रोज बोलती ती. मी पोरीला निजवताना फोन लावतो आणि जाताना म्हणतो, आई, पोरीकडं बघ, येतो. ती म्हणती, थांब, आले. मग मी कुलूप लावतो." चहा उतू गेला, त्याचं लक्ष नव्हतं. "फोनवर कुणी विचारलं घरात कोण असतं, माझ्या तोंडातनं आलं, आई असते. खोटं कुठं बोललो?"

माणूस वेडा नव्हता. ते जास्त वाईट. मी गॅस बंद केला.

"हे बघ," मी म्हणालो, "माझी पण गेलीय. रोज संध्याकाळी मी अजून कुकरला दोन माणसांचे तांदूळ लावतो, तेव्हा गेलेलं माणूस सुटत नाही हे मला सांगू नको. पण मला सांग, पोरीचं कपाळ कशानं सुजलं होतं?"

त्यानं पोरीच्या कपाळावर हात ठेवला.

"पडली असेल. रडली असेल. आणि वरनं आजी म्हणत असेल, निज गं माझे माय. आवाजाला हात नसतात, राव. तिनं उचललं असतं का न्हाई? जिवंत असती तर उचललं असतं का?"

"उचललं असतं," तो म्हणाला. "खरकट्या हातानं उचललं असतं."

"मग तिच्या नावावर हे काम टाकू नको."

तो पोरीच्या केसातनं बोटं फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "काका, पाळणाघरात फोन चालंल का? दुपारचा तेवढाच?"

"ते बाई ठरवतील," मी म्हणालो. पोरगी बापाला म्हणाली, "जेवलास का?" आणि उत्तराला तोंड वर करून थांबली, पिशवीतली थांबते तेवढीच.

संस्थेच्या मीटिंगमधी मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. कुलूप पण सांगितलं. त्या लेकराच्या आईनं मला सांगू नका म्हटलं नव्हतं, फक्त बघितलं होतं माझ्याकडं. लपवलं असतं तर आजी खरी ठरली असती. बाई ऐकताना चष्मा काढून बसल्या. दुसरे एक साहेब होते, आधी बँकेत होते, भला माणूस. ते म्हणाले, "दादा, दोन वर्षांचं मूल कोंडून जातात म्हणजे अवघड आहे. अशा लोकांना मदत द्यायची?"

"कुणाला द्यायची मग? ज्यांचं पोर आजीच्या मांडीवर बसलंय त्यांना?"

"तसं नव्हे. पण उद्या काही झालं तर आपलं नाव येईल."

"साहेब, व्हायचं असलं तर दोन आणि चारच्या मधी होईल. तेवढ्यासाठीच अर्ज आहे तो. मी तिथं पायरीवर बसलो होतो. त्या दाराशी तुम्ही एक दुपार बसा, मग काय लिहायचं ते लिहा."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. साहेब म्हणाले, "नको, दादा सांगतायत तेवढं पुरे." मग विषय पुढं गेला. मदत मंजूर झाली. एक अट बाईंनी घातली, फोन पाळणाघरात न्यायचा नाही. मला ती अट बरोबर वाटली. सांगायला जायचं काम माझ्याकडं आलं ते मात्र जड गेलं.

पाळणाघर त्यांच्या लाइनीच्या पुढंच आहे, एका पोक्त बाईचं. पहिले काही दिवस ती बाई मला फोन करायची. "दादा, हे काय लेकरू दिलंत तुम्ही? रडत नाही, मागत नाही. गुडघा उभा करून बसते. बाकीच्या पोरांना म्हणते, दमलास का. आणि काहीतरी बोलून अशी वाट बघते ना, समोर कोणी नसताना. त्या वेळात मी बोलले तर चिडते. म्हणते, गप, आजी बोलतीय." एकदा म्हणाली, "मी मुलांना झोपवून बाहेर आले तर आत म्हातारं माणूस बोलतंय. घाबरून बघायला गेले. हीच होती. सगळ्यांना थोपटत होती." मी म्हणालो, बाई, धीर धरा. मला स्वतःला धीर होता असं नाही.

लाइनीत पण फरक पडला. रात्रपाळीवाला मला रस्त्यात भेटला. "काका, आजीला कुठं पाठवलं? झोप खराब झाली माझी." खरं सांगायचं जिवावर आलं. गावाला गेली, म्हणालो. तो म्हणाला, "सांगून तरी जायचं होतं ना जी." पुढच्या महिन्यात त्याचं काँट्रॅक्ट संपलं, तोही गेला.

नंतर मी एकदा चौकशीला पाळणाघरात गेलो. तशी पद्धत आहे, पोर रुळलं का बघायचं. पोरगी दुसऱ्या एका पोराच्या हातातनं डबा ओढत होती, भोकाड पसरून. मला बघितलं, ओळखलं नाही. "तू कोण?" म्हणाली. आवाज पोरीचा, नुसत्या पोरीचा. पाळणाघरवाली म्हणाली, "आता थांबत नाही ती मधे. सलग बोलते. डोकं खाते माझं."

मी बाईंना फोनवर सांगितलं, रुळली.

तिची आई न्यायला आली तेव्हा आम्ही थोडं बरोबर चाललो. पोरगी कडेवर झोपलेली. ठेकेदारानं तिला पक्कं केलं होतं. अंगावर थोडं मांस चढल्यासारखं वाटलं. पण ती मनात काहीतरी धरून चालत होती. मी विचारलं, "नवरा कसा आहे?"

"रविवारी त्यांनी फोन लावला," ती म्हणाली. "इतके दिवस लावला नव्हता. म्हणाले, आजीला भेटवतो हिला. ही त्यांच्या मांडीवर. सुरुवातीचं ऐकलं तिनं, निज गं माझे माय. हिनं काहीच केलं न्हाई, हातात बिस्कीट होतं ते खात बसली. मग ते आलं, कोण हाय."

"मग?"

"ही मांडीवरनं उतरली, काका. दाराकडं गेली. आता कुलूप नसतं, नुसतं ढकललेलं असतं. दार उघडून बाहेर वाकून बघितलं, हिकडं तिकडं. आणि ह्यांना म्हणाली, बाबा, कोणी न्हाई."

आम्ही दोघं थांबलो होतो. रस्त्यानं कंपनीच्या बसेस चालल्या होत्या.

"त्यांनी बंद केला फोन. दार लावून घेतलं, आणि तिथंच खाली बसून रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मला म्हणाले, गेली गं ती."

पोरीनं झोपेत कूस बदलली. आईनं तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मी काय करायचं होतं, काका?"

"काही नाही," मी म्हणालो. "रडू द्यायचं."